३सी २७३ च्या झोताचा वेग आणि खोडदची दुर्बीण

गोदाकाठ (नाशिक रोड): विज्ञान दिनाच्या निमित्ताने सिन्नर-संगमनेरमार्गे खोडदला जाऊन जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या पाहिल्या. त्यांच्या तारांच्या जाळीतून आभाळ आरपार दिसत होते. परतल्यावर वाचनात आले की, ३सी २७३ या क्वेसारमधील (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्रातील) महाकाय कृष्णविवरातून निघालेल्या झोतातील गाठी प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने सरकताना दिसतात. हे मोजमाप चुकीचे समजावे काय? आणि खोडदहून ते करता येते काय?

सातपूरकर: मोजमाप बरोबर आहे. (झोत विवराच्या आतून येत नाही, भोवतालच्या परिसरातून उसळतो, एवढी दुरुस्ती करतो.) समजा, एक गाठ १०० वर्षांत आपल्या दिशेने ९८ आणि आडवी १४ प्रकाशवर्षे सरकली, म्हणजे तिने तिरके ९९ प्रकाशवर्षे अंतर कापले, वेग प्रकाशाहून कमीच. परंतु शेवटी निघालेल्या प्रकाशाला ९८ प्रकाशवर्षे कमी प्रवास करावा लागल्याने तो पहिल्या प्रकाशामागून अवघ्या दोन वर्षांनी पोहोचतो, आणि दोन वर्षांत १४ प्रकाशवर्षे, म्हणजे प्रकाशाच्या सातपट वेग, असा हिशेब आपण मांडून बसतो. मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्येच वर्तवले होते.

जुना वाचक: खोडदहून मात्र ही हालचाल टिपता येणार नाही. तिथल्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या असल्या, तरी त्यांना साधारण दोन आर्कसेकंदांपर्यंतचाच (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील सुटा दिसतो. गाठ वर्षाकाठी जेमतेम एक मिलिआर्कसेकंद, म्हणजे आर्कसेकंदाचा हजारावा भाग, सरकते. त्या हिशेबाने दोन हजार वर्षे थांबावे लागेल! म्हणून वेगवेगळ्या खंडांवरील दुर्बिणी अणुघड्याळांच्या आधारे एकाच वेळी नोंदी घेतात आणि त्या नोंदी नंतर संगणकावर जुळवल्या जातात.

खोडदचे बलस्थान वेगळे आहे. झोतातील अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात, त्यामुळे जुन्या उद्रेकांचे ढग उच्च वारंवारतेला विझलेले असले तरी कमी वारंवारतेला, म्हणजे लांब तरंगांवर, दीर्घकाळ दिसत राहतात. तिथले तरंग वीसेक सेंटिमीटरपासून पुढचे असल्याने तबकड्यांच्या जाळीची एक-दोन सेंटिमीटरची भोके त्यांना जाणवतच नाहीत, आणि वारा मात्र जाळीतून निघून जातो.

गोदाकाठ: आभारी आहे. झोत आपल्यापासून दूर जाणारा असेल तर?

सातपूरकर: तर तो संथ दिसेल आणि फिकाही, कारण इतक्या वेगात बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला एकवटतो. एम८७ या दीर्घिकेचा एक झोत ठळक दिसतो आणि विरुद्ध बाजूचा शोधावा लागतो, तो याचमुळे.