बोरघाटाच्या एचओ लेआउटवरील कातळाचे रंगकाम आणि पावसाळी पाणी: मार्गदर्शन हवे आहे

मोरी_आणि_बोगदा:
नमस्कार मंडळी. मॉडेल रेल्वेच्या एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ ला, मी लेआउटवर (छोट्या रेल्वेच्या देखाव्यावर) कर्जत ते लोणावळा या घाटमार्गाचा एक छोटा भाग उभारत आहे. प्रसंग जुलै महिन्यातील आहे: बोगद्याच्या तोंडातून बाहेर येणारी दुहेरी लाइन, एका बाजूस उभा कातळ, त्या कातळावरून उतरणारा ओढा, रुळांखालची दगडी मोरी, आणि मोरीतून निघालेले पाणी लेआउटच्या पुढच्या कडेला साठून तयार झालेला डोह. धबधब्याची उंची ५५ सेंटीमीटर आहे, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४८ मीटर. कातळाचे तुकडे डेंटल प्लास्टरमध्ये ओतून थर्मोकोलच्या सांगाड्यावर बसवले असून ते पूर्ण वाळलेले आहेत.

दोन गोष्टींत निर्णय होत नाही. पहिली, या कातळाला सह्याद्रीचा काळा रंग कसा द्यावा, कारण सुट्या तुकड्यावर नुसता काळा अॅक्रिलिक रंग लावून पाहिला असता सगळे कंगोरे बुजतात आणि खडक सपाट दिसतो. दुसरी, डोहासाठी एपॉक्सी रेझिन (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणारे पारदर्शक रसायन) वापरावे की ग्लॉस मीडियमचे (वाळल्यावर पारदर्शक आणि चकचकीत होणाऱ्या अॅक्रिलिक द्रवाचे) थर द्यावेत, आणि उभे पडणारे पाणी कशाचे करावे. लेआउट ठाण्यात आहे, त्यामुळे हवेतील दमटपणाचाही विचार करावा लागेल.

काळा_पाषाण:
आपण प्लास्टर सील केलेले नसेल तर कृपया करू नका. उघडे प्लास्टर पाणी शोषते आणि या कामात तोच त्याचा सर्वात मोठा गुण आहे. जाड रंग पृष्ठभागावर बसतो आणि बारकावे झाकतो. अतिशय पातळ रंग मात्र आत शिरतो, खाचांमध्ये अधिक साठतो, उंचवट्यांवर कमी राहतो, आणि खडकाचा आकार आपोआप उठून दिसतो. एक भाग अॅक्रिलिक रंगाला १५ ते २० भाग पाणी घ्यावे आणि त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब टाकावा, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने न थांबता पसरते.

सुरुवात काळ्याने करू नये. आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांचे वेगवेगळे पातळ मिश्रण करून स्पंजने इकडेतिकडे ठिपके द्यावेत. साधारण अर्धा पृष्ठभाग पांढराच राहू द्यावा. हे ओले असतानाच रॉ अंबरमध्ये थोडा काळा मिसळून केलेले पाणी वरून खाली सोडावे. सगळे रंग एकमेकांत मुरतात आणि काळेपणाच्या आत तपकिरी छटा राहतात. ओले प्लास्टर वाळल्यावर बरेच फिकट होते, म्हणून दुसरा हात देण्याआधी रात्रभर थांबावे. शेवटी पेनेज ग्रे (निळसर गडद करडा) आणि पांढरा मिसळून केलेली करडी छटा जवळजवळ कोरड्या ब्रशने केवळ कडांवर फिरवावी. जिथे तुकडे जोडताना पांढरा गोंद बाहेर आला असेल तिथे रंग मुरणार नाही. तो भाग आधीच खरवडून त्यावर प्लास्टरचा पातळ हात द्यावा.

आता आपल्या घाटाविषयी, कारण परदेशी पुस्तकांतील कृती ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मासाठी लिहिलेल्या असतात. आपला बेसॉल्ट लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे, म्हणून तुकडे बसवताना त्यांच्या भेगा एकाच पातळीत आडव्या धावल्या पाहिजेत. सह्याद्रीत अनेक ठिकाणी लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीचा थर दिसतो. एक मीटर जाडीचा थर एचओमध्ये साडेअकरा मिलिमीटरचा होईल. बर्न्ट सिएनाची (तांबूस तपकिरी रंगाची) अशी एकच आडवी पट्टी, अधूनमधून तुटलेली, दाखवली तरी डोंगर कुठला आहे ते ओळखू येते. रुळांलगतचा कातळ नैसर्गिक नसून सुरुंगाने फोडलेला आहे, त्यामुळे त्यावर भोकांच्या उभ्या, अर्धगोल खुणा काही ठिकाणी सुईने कोराव्यात. त्यांची रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नसावी. आणखी एक: मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या सतत ब्रेक लावत येतात, म्हणून त्या लाइनच्या खडीवर आणि कातळाच्या पायथ्याशी ब्रेकच्या भुकटीची तांबूस छटा हवी. चढणीच्या लाइनवर ती कमी ठेवावी.

पावसाळ्यासाठी संपूर्ण कातळ चकचकीत करण्याचा मोह टाळावा. जिथून पाणी झिरपते त्या उभ्या रेषांवरच ग्लॉस वार्निश लावावे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काळपट हिरवे शेवाळ दाखवावे. बाकीचा कातळ मॅट राहिला तरच ओला भाग ओला वाटतो.

नदीकाठ:
डोहाबद्दल लिहितो. आपल्या डोहासाठी मी एपॉक्सी सुचवेन, कारण ग्लॉस मीडियम वाळताना आकसते आणि खोलगट जागेत मध्यभागी खळगा पडतो. पांढऱ्या गोंदाने पाणी करू नये. ओल लागली की तो पुन्हा दुधट होतो आणि ठाण्याच्या हवेत हे होणारच.

पाण्याचा रंग पाण्यात नसून तळात असतो, हे लक्षात ठेवून तळ रंगवावा: मध्यभागी जवळजवळ काळा हिरवा आणि काठाकडे हळूहळू मातकट. रेझिन ओतण्याआधी तळ दोनदा रंगाने बंद करावा, कारण ते टाचणीएवढ्या छिद्रातूनही खाली गळते. पुढच्या कडेला पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी सिलिकॉनने पक्की बसवावी. सांगाडा थर्मोकोलचा असल्यामुळे रेझिन एपॉक्सीच आहे याची खात्री करून घ्यावी. पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोल विरघळवते, आणि फवारणीच्या डब्यांतील बहुतेक रंगही तेच करतात.

एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर ओतू नये. दोन भागांची प्रतिक्रिया उष्णता सोडते; जाड थरात ती साठून रेझिन पिवळे पडू शकते, तडकू शकते, किंवा खालचे थर्मोकोल मऊ होऊ शकते. डब्यावर दिलेले प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे, हे नीट वाचून त्याप्रमाणेच मोजावे. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ओतल्यावर धूळ बसू नये म्हणून वर खोके उपडे ठेवावे. हे काम जानेवारी किंवा फेब्रुवारीत करावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण दमट हवेत एपॉक्सीच्या पृष्ठभागावर चिकट, पांढुरकी साय धरते.

काठावर रेझिन दगडांवरून थोडे वर चढते आणि तिथे चमकदार पट्टा उमटतो. तो वाळल्यावर मॅट वार्निशने झाकता येतो.

सातारा_मीटरगेज:
नदीकाठ यांच्या कृतीशी सहमत आहे, परंतु काळ्या-हिरव्या तळाशी नाही. तसा डोह ऑक्टोबरात शोभेल. जुलैत कड्यावरून थेट पडणारे पाणी स्वच्छ असते, पण मोरीपर्यंत पोहोचताना ते रेल्वेच्या भरावावरची माती घेऊन येते आणि खालचा डोह गढूळ, तांबूस तपकिरी होतो. त्यासाठी खालच्या थरांत एपॉक्सीसाठीचेच तपकिरी रंगद्रव्य अगदी थोडे मिसळावे आणि शेवटचा थर बिनरंगाचा ओतावा. मग खोल तळाचे बारीक काम दिसणारही नाही. तो वेळ काठावरच्या दगडांना द्यावा.

धबधब्यासाठी अनेक जण पारदर्शक सिलिकॉन वापरतात. त्यावर रंग धरत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे, आणि पावसाळी धबधबा तर पांढराच हवा, कारण पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते. म्हणून जाड अॅक्रिलिक ग्लॉस जेल घ्यावे. प्लास्टिकच्या फोल्डरवर त्याच्या उभ्या रेघा ओढाव्यात, टूथपिकने खाली विंचरावे, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत वाळू द्यावे आणि सोलून त्याच जेलने कातळावर चिकटवावे. त्यावर पांढरा रंग कोरड्या ब्रशने, वर कमी आणि खाली अधिक, असा द्यावा. ४८ मीटरची धार एका सलग पडद्यासारखी करू नये. लाव्हाच्या प्रत्येक थराच्या कडेवर ती आपटते, फुटते आणि थोडी सरकून पुन्हा पडते. त्यामुळे तीन-चार वेगवेगळे तुकडे करावेत.

आपण निवडलेली उंची योग्य आहे, हेही आवर्जून सांगतो. गोव्यातील दूधसागर धबधब्याची ३१० मीटर उंची एचओमध्ये साडेतीन मीटरहून अधिक भरते, आणि १:१६० च्या एन प्रमाणातही जवळजवळ दोन मीटर. तिथे उंची कमी करून माथ्यावर लहान झाडे लावावी लागतात. आपल्याला तशी तडजोड करावी लागणार नाही.

मोरी_आणि_बोगदा:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गढूळ डोहाचा मुद्दा पटला, तसेच करीन. कातळ आता रंगवून घेतो आणि रेझिनसाठी हिवाळ्याची वाट पाहतो. धबधबा डोहाच्या आधी बसवावा की नंतर? आणि लेआउटवर सध्या पिवळसर दिवे आहेत, ते बदलणार आहे. त्याचा रंगांवर परिणाम होईल का?

काळा_पाषाण:
दिव्यांचा परिणाम निश्चित होईल, म्हणून ते आधी बदला आणि त्याच उजेडात, कातळ जागेवर असतानाच रंगवा. पिवळ्या दिव्याखाली योग्य वाटलेला करडा रंग पांढऱ्या एलईडीखाली निळसर दिसतो. धबधबा डोहाचा शेवटचा थर कडक झाल्यावरच बसवावा. त्याच्या पायथ्याशी जेल उलटसुलट थोपटून खळबळ दाखवता येते, आणि मोरीच्या तोंडापाशीही तेच करावे, कारण कमानीतून बाहेर पडणारे पाणी संथ नसते.