जगणं-मरणाच्या उंबरठ्यावरचे मानसिक भयपट सुचवा (चार शनिवार, प्रोजेक्टर, रक्तपात नको)

रातकिडा
घरचा प्रोजेक्टर, पाच-सहा प्रेक्षक, चार शनिवार. पडद्यावरचं माणूस जिवंत आहे की गेलेलं, याचाच पत्ता लागू नये असे सिनेमे हवेत. रक्तामांसाचा चिखल नको, कानाशी भोंगा वाजवून दचकवणं नको, लांबी दोन तासांच्या आत. 'द सिक्स्थ सेन्स' सगळ्यांचा पाहून झालाय. कुठली प्रत घ्यायची आणि कुठल्या क्रमाने दाखवायचे, तेही सांगा. शेवट फोडू नका.

पिंपळपार
शेवट फोडू नका म्हणताय, पण धाग्याच्या शीर्षकानेच अर्धा फुटलाय :) या प्रकारातली खरी अडचण हीच आहे. 'जिवंत की मेलेला' एवढं कळलं की निम्मे सिनेमे दहाव्या मिनिटाला संपतात. म्हणून असे निवडा की शेवट माहीत असला तरी अंगावर येतील. आणि प्रेक्षकांना विषय सांगूच नका. "शनिवारी सिनेमा आहे, आठला या", बस्स.

पहिलं नाव 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२). दिग्दर्शक हर्क हार्वे कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट करायचे. यूटामध्ये खाऱ्या सरोवराकाठी सॉल्टेअर नावाचा ओस पडलेला करमणूक-मंडप त्यांना दिसला आणि सिनेमा सुचला. खर्च साधारण ३३ हजार डॉलर. पांढऱ्या चेहऱ्याचा जो माणूस खिडकीत दिसतो, तो खुद्द हार्वे.

गाडी पुलावरून नदीत पडते. बऱ्याच वेळाने एक मुलगी चिखलाने माखलेली बाहेर येते, आणि पुढे परगावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते. भीती सगळी आवाजात आहे. ती कपड्यांच्या दुकानात असते, चित्र पाण्यासारखं हलतं आणि आवाज जातो. विक्रेतीला ती दिसत नाही, ऐकू येत नाही. मग बागेत एक पक्षी बोलतो आणि जग परत येतं. तेव्हा आवाज गेला म्हणून कुणी स्पीकरची वायर हलवायला उठलं, तर प्रसंग मातीत. तुम्ही स्वतः रिमोटजवळ बसा आणि कुणाला उठू देऊ नका.

चौथीभिंत
+१. प्रतीबद्दल मात्र सांभाळा. अमेरिकेत याचा कॉपीराइट राहिला नाही, त्यामुळे कुणीही कुठूनही काढलेल्या प्रती फिरतात. धुरकट, खरखरीत, काहींचे चारही कोपरे कापलेले. रंगवलेलीही एक आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. क्रायटेरियन या जुने सिनेमे नीटनेटके करून काढणाऱ्या कंपनीने २०१६ साली ४के (खूप बारीक तपशिलाची) दुरुस्ती करून आणलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. चित्र जवळपास चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते खटकतात म्हणून कुणीतरी 'झूम' दाबतं आणि माणसांची डोकी उडतात. १९९८ सालचा त्याच नावाचा सिनेमा वेगळा, शोधताना तो हाती लागू देऊ नका.

सावल्यांचाखेळ
'जेकब्स लॅडर' (१९९०) अजून कुणी घेतलं नाही? व्हिएतनामहून परतलेला सैनिक, न्यूयॉर्कमध्ये टपालखात्यात नोकरी, आणि हळूहळू गर्दीतले चेहरे बिघडायला लागतात. लेखक ब्रूस जोएल रुबिन. त्याच वर्षीचा 'घोस्ट'ही त्यांचाच. इथे तिबेटी बार्दोची कल्पना आहे : मेल्यापासून पुढच्या जन्मापर्यंतचा मधला काळ, परंपरेने ४९ दिवसांपर्यंतचा. आपल्या प्रेक्षकाला हे समजावायला वेळ लागत नाही. दहाव्याला कावळा शिवेना की घरातले "काय राहिलंय याचं?" म्हणून एकमेकांकडे बघतात, त्याच प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा आहे.

आता तांत्रिक. यात डोकं थरथरणारी जी माणसं दिसतात, ती संगणकाने केलेली नाहीत. नट डोकं हलवतोय आणि कॅमेरा सेकंदाला फक्त चार चौकटी (फ्रेम) टिपतोय. तेच २४ च्या वेगाने दाखवलं की हालचाल सहापट होते. चेहरा पुसला जातो, पण मान आणि खांदे स्थिर. टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर यंत्र मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने भरतं आणि या परिणामाची खीर होते. एलजीत तिला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगच्या बऱ्याच संचांत ऑटो मोशन प्लस. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, बहुतेकदा ती आपोआप बंद होते.

पिंपळपार
बरोबर, पण रातकिडा यांची रक्तपाताची अट आहे. 'जेकब्स लॅडर'मध्ये स्ट्रेचरवरून इस्पितळाच्या आत-आत नेण्याचा प्रसंग आहे, तिथे फरशीवर अवयव दिसतात. काही मिनिटांचाच आहे आणि पुढे ढकलला तर सिनेमाचा कणाच जातो. आधी सांगून ठेवा, ज्याला नको तो तेवढा वेळ चहा ठेवेल. २०१९ ची नवी आवृत्ती टाळा.

बुरशी
जपानी 'काइरो' (२००१, दिग्दर्शक कियोशी कुरोसावा, प्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावांशी नातं नाही). इंग्रजीत 'पल्स'. याच नावाचा २००६ चा अमेरिकन अवतार बघून लोक "काही खास नाही" म्हणतात, म्हणून साल बघून घ्या. कल्पना साधी : मेलेल्यांची जागा भरली, आता ते इंटरनेटमधून इकडे झिरपताहेत. दारांना लाल चिकटपट्टी. माणसं मरतात म्हणण्यापेक्षा विझतात, भिंतीवर काळा डाग उरतो.

बंद खोलीत एक बाई संथ चालत समोर येते आणि मध्येच तिचा तोल जातो, पाय मुडपतात, सावरते, पुन्हा चालू लागते. ओरडणं नाही, भोंगा नाही. चालण्यातली ती एक चूक पुरते.

हा सिनेमा मुद्दाम अंधारा काढलाय, बऱ्याच गोष्टी चौकटीच्या काळ्या कोपऱ्यात आहेत. पडद्याच्या सेटिंगमधला भडक 'व्हिव्हिड' प्रकार लावलात तर काळं राखाडी दिसतं, ट्यूबलाइट चालू ठेवलीत तर काहीच दिसत नाही. मोबाइलवर तर बघूच नका. लांबी जवळपास पुरते दोन तास धरा.

चौथीभिंत
ऑस्ट्रेलियन 'लेक मंगो' (२००८). खोटा माहितीपट. सोळा वर्षांची ॲलिस बुडून मरते. आई, वडील, भाऊ कॅमेऱ्यासमोर बोलतात. मग जुन्या फोटोंत आणि चित्रफितींत ती दिसायला लागते. नटांना लिहून दिलेले संवाद नव्हते, आराखड्यावरून ते बोललेत, म्हणून मुलाखती इतक्या खऱ्या वाटतात. रक्ताचा थेंब नाही. हे भुताबद्दल कमी आणि घरातल्या माणसाला आपण किती कमी ओळखतो त्याबद्दल जास्त आहे.

रातकिडा
भारतीय काही? आणि क्रम?

बुरशी
मल्याळम 'भूतकालम' (२०२२). आजी जाते, घरात आई आणि मुलगा उरतात. आईला नैराश्य, मुलाला काम नाही, आणि घरात जे आहे ते खरं की दोघांच्या डोक्यातलं, हे बराच वेळ ठरत नाही. आईचं काम करणाऱ्या रेवतींना यासाठी केरळचा राज्य पुरस्कार मिळाला. मूळ मल्याळम आणि सबटायटल्स, डबिंग नको. आईचा थकवा आवाजात आहे. तुमच्या व्याख्येत काठावर बसतो, पण बसतो.

सावल्यांचाखेळ
क्रम : सुरुवातीला 'ॲन अकरन्स ॲट ऑउल क्रीक ब्रिज' या कथेवरचा रोबेर आन्रिकोचा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट लावा. कथा ॲम्ब्रोज बिअर्सची, १८९० ची. लघुपटाला १९६२ साली फ्रान्सच्या कान महोत्सवात पाम द'ऑर हा पुरस्कार. संवाद नावापुरते. मग 'कार्निव्हल'.

पिंपळपार
अहो नको! तो आधी लावलात की पुढच्या दोन सिनेमांची किल्लीच हातात दिलीत. तो सगळ्यात शेवटी. माझा क्रम : पहिल्या शनिवारी 'कार्निव्हल', दुसऱ्या 'लेक मंगो', तिसऱ्या 'काइरो', चौथ्या 'जेकब्स लॅडर' आणि पाठोपाठ तो लघुपट. 'भूतकालम' राखीव, 'काइरो'ची चांगली प्रत नाही मिळाली तर. सबटायटल्समध्ये 'श्रवणसहाय्य' (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा, SDH) प्रकार असेल तर तो निवडू नका, त्यात "दारामागे कुजबुज" असं आधीच लिहून येतं.

रातकिडा
क्रम पक्का. 'लेक मंगो' मोठ्या पडद्यावर धूसर दिसेल का? फोनवरचं चित्रीकरण आहे म्हणे.

चौथीभिंत
दिसणारच, तसंच हवं. यंत्रातलं शार्पनेस शून्याकडे न्या, नाहीतर चित्रातले दाणे काटेरी होतात आणि प्रेक्षक नको तिथे चेहरे शोधत बसतात. आणि सुरू करण्याआधी ओटीटीच्या सेटिंगमध्ये 'ऑटोप्ले' बंद करा. शेवटची श्रेयनावं सुरू झाली की ॲप चित्र लहान करून पुढच्या सिनेमाची जाहिरात लावतं. 'लेक मंगो'त मघाशी पाहिलेली दृश्यं नावांबरोबर पुन्हा येतात, आणि मघाशी जिथे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं ती जागा तेव्हा दिसते. नावं पूर्ण संपेपर्यंत दिवा लावू नका.