बर्मा सागाच्या हिशेबात थायलंडही येतो

थायलंडने १९८९ला व्यापारी जंगलतोड बंद करून जंगल वाचवलं आणि म्यानमारने (म्हणजे ब्रह्मदेशाने) आपलं सागाचं जंगल विकून खाल्लं, असं काही जण म्हणतात. पहिली गोष्ट खरी आहे, पण ती तिथेच थांबत नाही.

नोव्हेंबर १९८८मध्ये दक्षिण थायलंडात महापूर आला. उघड्या डोंगरांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांवर येऊन आदळले, शेकडो माणसं गेली. त्यानंतर ही बंदी आली. मात्र थाई गिरण्यांना लाकूड हवंच होतं. पैशाला मोताद झालेल्या ब्रह्मदेशातल्या लष्करी राजवटीने सीमेवरची जंगलं थाई कंपन्यांना तोडायला दिली. म्हणजे कुऱ्हाड फक्त सीमेपलीकडे गेली! याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुळात ब्रह्मदेशाकडे उत्तम पद्धत होती. १८५६पासून ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाने ब्रिटिश अमलात ती बसवली: ठरावीक घेराचंच झाड निवडायचं, बुंध्याभोवती खोल खाच पाडायची आणि दोन-तीन वर्षं उभ्यानेच वाळू द्यायचं. ओला साग पाण्यात बुडतो; वाळलेला तरंगतो, नदीतून वाहून नेता येतो. थायलंडचं वनखातं १८९६ला उभं राहिलं तेही ब्रह्मदेशातून आलेल्या स्लेड या ब्रिटिश वनाधिकाऱ्याच्या हाताखाली.

म्यानमारने अख्ख्या ओंडक्यांची निर्यात थांबवली ती थेट एप्रिल २०१४मध्ये. कापीव लाकूड चालूच राहिलं. २०२१च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. तेव्हा आपल्याकडच्या वखारीत कुणी ‘अस्सल बर्मा टीक’ म्हणून फळी दाखवली, तर ती कुठून आणि कधी आली हे जरूर विचारा.