१६० एकरांत किती गाई?
अमेरिकेतल्या रँचवाल्या (गुरं पाळायच्या मोठ्या कुरणवाल्या) घराण्यांच्या कथांत 'यादवी युद्धानंतर सरकारने १६० एकर फुकट दिले आणि घराण्याची रँच उभी राहिली' असं म्हटलेलं असतं, ते अर्धंच खरं. अशी जमीन देणारा १८६२ चा होमस्टेड कायदा होता, पण पश्चिमेकडच्या वायोमिंग-मोंटानाच्या कोरड्या कुरणात एका गाईला वर्षभर २५-३० एकर सहज लागतात. म्हणजे पाच-सहा गाई, त्यावर कसलं घराणं! खरी मेख पाण्यात. बाप, एकवीस पूर्ण झालेले मुलगे, अविवाहित मुलगी, सगळे ओढ्याकाठचे लागून असलेले तुकडे आपापल्या नावावर मागत. पाच वर्षं राहून कसायचं, नाहीतर सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून मोकळं व्हायचं. ओढा हाती आला की मागची सरकारी जमीन आयती चराईला. पाण्यावाचून ती इतर गुरंवाल्यांच्या कामाची नसे.

कथा टेक्सासची असेल तर मात्र हे लागू नाही, तिथली सार्वजनिक जमीन केंद्र सरकारच्या नव्हे, राज्याच्याच मालकीची होती.