शब्दचर्चा: परमेश्वराची ‘वाट पाहणे’, ‘प्रतीक्षा करणे’, ‘आशा धरणे’

पानगळ:
आजारपण, नोकरी, मूल अशा कशासाठी तरी कित्येक दिवस प्रार्थना चालू असली की मंडळीत सांगतात, ‘परमेश्वराची वाट पाहा.’ मराठी पवित्र शास्त्रात मात्र कुठे वाट पाहणं आहे, कुठे प्रतीक्षा, कुठे आशा धरून राहणं. मुळात हे शब्द वेगळे आहेत का? नुसतं ‘थांबणं’ म्हटलं तर चालेल?

कंदील:
पुष्कळ ठिकाणी मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे, ‘कावाह’. स्तोत्र २७:१४ मध्ये त्याचं ‘प्रतीक्षा कर’ झालं, यशया ४०:३१ मध्ये ‘आशा धरून राहणारे’. स्तोत्र ४०:१ मध्ये ‘धीर धरून वाट पाहिली’ असं आहे, पण तिथे धीरासाठी वेगळा शब्दच नाही. तेच क्रियापद लागोपाठ दोनदा आलंय आणि त्या द्विरुक्तीचा जोर भाषांतरकारांनी ‘धीर धरून’ने आणला. मला हे फार सुंदर वाटतं. याच शब्दाचं नाम ‘तिक्वाह’, म्हणजे आशा. इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही (यहोशवा २) हाच शब्द आहे.

‘थांबणं’ अपुरं पडतं. कुणी येणार नसलं तरी माणूस थांबू शकतो. वाट कुणाची तरी पाहावी लागते.

सुतारपक्षी:
‘धीर’ या शब्दाकडेही बघायला हवं. याकोबाच्या पत्रात ५:७ मधला शेतकरी पहिल्या आणि शेवटल्या पावसासाठी धीर धरतो. आपल्याला लगेच मृग आणि परतीचा पाऊस आठवतो आणि अर्थ निसटतो. तिकडे इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतो. उन्हाळ्याने कडक झालेली जमीन मऊ होते, मग नांगरणी आणि गहू-जवाची पेरणी. शेवटला मार्च-एप्रिलमध्ये, दाणा भरताना. म्हणजे बी जमिनीत गेल्यानंतरचे बरेच महिने या ‘धीरा’त येतात.

इथला ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’: उशीर झाला तरी न चिडणं. चारच ओव्या पुढे, ५:११ मध्ये, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचा धीर येतो, तो ‘हुपोमोने’: ओझ्याखाली टिकून राहणं. मराठीत दोन्ही ‘धीर’च.

पानगळ:
पण ईयोबाने तर देवाकडे केवढी गाऱ्हाणी मांडली!

कंदील:
मांडली, आणि तरी त्याला धीराचा नमुना म्हटलंय. गाऱ्हाणं म्हणजे धीर सुटणं नव्हे. स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या. १-२ मध्ये चार वेळा ‘कोठवर?’, ३-४ मध्ये मागणं, ५-६ मध्ये भरवसा. दीर्घ प्रार्थनेत याच क्रमाने स्वतःची प्रार्थना लिहावी: आधी ‘कोठवर’च्या दोन ओळी, त्यात मोघम दुःख नको, नेमकं काय अडलंय ते, मग एकच स्पष्ट मागणं, मग देवाने पूर्वी केलेल्या एखाद्या उपकाराची आठवण. बहुतेक जण पहिला भाग गाळून थेट स्तुतीवर येतात. मग मनातलं देवाला सांगायचं राहूनच जातं आणि प्रार्थना कोरडी पडते. तिसरा भाग मात्र ओढूनताणून लिहू नये. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रातच आहे.

सुतारपक्षी:
धीर खरा सुटला तो शौल राजाचा (१ शमुवेल १३). सात दिवस थांबला, संदेष्टा शमुवेल येईना, सैन्य पांगू लागलं, तेव्हा त्याने स्वतःच होमार्पण केलं. ते संपतंय तोच शमुवेल हजर. उपासना त्याने सोडली नव्हती, शमुवेलाचं काम हातात घेतलं होतं. अब्राहामाचंही तसंच: संततीचं वचन घेऊन निघाला ७५ व्या वर्षी, वाट न पाहता बायकोची दासी हागार हिच्यापासून इश्माएल ८६ व्या, वचनाचा मुलगा इसहाक १०० व्या.

मीठभाकर:
एक जोड. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, असते, लोक सलग नऊ बुधवार जातात. तिला काही जण ‘नवस’ म्हणतात. उच्चार जवळचा असला तरी नोव्हेना लॅटिनमधल्या ‘नऊ’वरून आली. नवसाला अट असते, ‘मूल दिलंस तर ते तुला वाहीन’, जसा हन्नेचा (१ शमुवेल १:११). तो फेडावा लागतो. नोव्हेनेला अट नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, शिष्य प्रार्थनेत राहिले, ते नऊ दिवस तिच्यामागे आहेत. म्हणून ‘नोव्हेना फेडली’ चूक, ‘पूर्ण केली’ बरोबर. नववा बुधवार उत्तराविना गेला तर ती ‘फळली नाही’ असंही म्हणू नये. पुढच्या बुधवारी पुन्हा पहिल्यापासून धरता येते.