शब्दचर्चा: ‘आयसोलेटेड स्कोअर’ला मराठीत काय म्हणाल?

काही डीव्हीडी-ब्लू-रेवर संवाद आणि इतर आवाज गाळून नुसतं पार्श्वसंगीत ऐकवणारा ट्रॅक असतो. त्याला ‘विलग पार्श्वसंगीत’ लिहिलं, पण ‘विलगीकरण’ आठवून घसा खवखवायला लागतो. दुसरं काही सुचतंय का? आणि ‘कम्प्लीट स्कोअर’ म्हणजे हेच ना?

— ‘निखळ’ घ्या. भेसळ नसलेलं.

— निखळ म्हटलं की मला दात निखळलेला दिसतो. शिवाय हे संगीत चित्रपटापासून निखळलेलं नसतंच. निखळलेला असतो तो वेगळा विकला जाणारा संगीताचा अल्बम! आणि नाही, ‘कम्प्लीट’ वेगळं. ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या चित्रपटाच्या संगीताची 2001 ची सीडी सत्तरेक मिनिटांची होती, 2005 मध्ये ‘कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज’ आली ती तीन सीडींची, जवळजवळ तीन तास. अशा संपूर्ण आवृत्त्यांमध्ये बरेचदा चित्रपटात न वापरलेले तुकडेही घालतात. आयसोलेटेडमध्ये मात्र सहसा पडद्यावर जे आलं तेच, तिथेच, संकलकाने कापलं असेल तर कापलेलंच. मधल्या शांततेसकट.

ही शांतता भारी असते. मी पहिल्यांदा असा ट्रॅक लावला तेव्हा पात्रं नुसती तोंडं हलवत होती. डिस्क बिघडली म्हणून रिमोट शोधायला उठलो, तर अगदी हळू चेलो सुरू झाले. तोच प्रसंग मी आधी चारदा पाहिला होता. संवादाखाली चेलो आहेत हे तेव्हा कळलंच नव्हतं. लोक या ट्रॅकमागे का लागतात ते त्या दिवशी समजलं.

— डबिंगसाठी संवाद काढलेला ट्रॅक असतोच की. तोच हा?

— नाही. त्यात दारं आपटतात, गाड्या धावतात. संगीत आणि इफेक्ट्स दोन्ही असतात त्यात.

— थोडं अवांतर: ‘पार्श्व’ म्हणजे मुळात कूस, बाजू. ‘मागचं’ हा अर्थ नंतर चिकटला, आणि ‘पार्श्वभाग’ने तर शब्दाची पार अब्रूच घालवली. मला ‘कुशीतलं संगीत’ जास्त पटतं, पण छापणार कोण?

— माझं मत ‘सुटं पार्श्वसंगीत’ला. सुटे पैसे, सुटी फुलं, तसंच. बोलताना अडत नाही.

— ‘सुटं’ ठेवतो, आणि कम्प्लीटला ‘संपूर्ण’. आता ‘क्यू’ला, म्हणजे एका प्रसंगापुरत्या संगीताला, काय म्हणायचं? रांग नको!

— ‘तुकडा’. वर वापरलाय की.