जास्त कॅप्सूल म्हणजे जास्त फायदा?

‘ओमेगा-३ने ठोके नियमित होतात, म्हणून वडिलांचा डोस चौपट करतोय’ हे वाचून काळजी वाटली. पहिला भाग पटतो. प्रयोगशाळेतल्या बशीत वेड्यावाकड्या धडधडणाऱ्या उंदराच्या हृदयपेशींवर ईपीए (माशांच्या तेलातलं एक ओमेगा-३) सोडलं की त्या लयीत येतात, धुऊन काढलं की पुन्हा बिथरतात. १९९९च्या इटलीतल्या जिस्सी चाचणीतही हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना रोज साधारण १ ग्रॅम ओमेगा-३ दिल्यावर अचानक मृत्यू कमी झाले.

पण २०१८च्या रिड्यूस-इट चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्के लोकांना एट्रियल फिब्रिलेशन किंवा फ्लटरसाठी (म्हणजे ठोक्यांची लय बिघडल्यामुळे) दाखल व्हावं लागलं, ते न घेणाऱ्या गटात २.१ टक्के. ही गडबड हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली, अचानक मृत्यू बहुतेकदा खालच्या कप्प्यांतून येतो. डोस वाढवण्याआधी वडिलांचा ईसीजी डॉक्टरांना दाखवाच.